फुटपाथवरच्या माणसाचे छायाचित्र: काढावे कसे, टाकावे कुठे

मुंबईत बरा फोन खिशात घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येकाला एक दृश्य आज ना उद्या भेटतेच. वर उंच इमारतीतल्या सदनिकांची जाहिरात करणारे होर्डिंग असते, त्यावर बाल्कनीत चहाचे कप घेऊन हसणारे जोडपे असते, आणि खाली त्याच होर्डिंगच्या लोखंडी खांबाशी डोके ठेवून कुणीतरी पाय पोटाशी ओढून झोपलेले असते. हात आपोआप फोनकडे जातो. आपण घरी पोहोचायच्या आत फोटो समाजमाध्यमावर चढतो, खाली ‘हीच का ती स्वप्ननगरी’ अशी एखादी ओळ येते, आणि रात्रीपर्यंत शे-दोनशे बदाम जमा होतात.

हे मार्गदर्शन अशा फोटोंसाठी आहे. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना संपादक असतात आणि नियमही असतात. ज्याच्या फोटोवर दुसऱ्या कुणाची नजर फिरत नाही अशा हौशी माणसासाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी, हे लिहिले आहे. माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. आंतरजालावर टाकलेले प्रत्येक छायाचित्र कशाची ना कशाची जाहिरात करत असते. कधी वस्तूची, कधी संस्थेची, आणि बहुतेक वेळा फोटो काढणाऱ्याच्या संवेदनशीलतेची. तशी जाहिरात करायला हरकत नाही, मात्र फुटपाथवर राहणाऱ्या माणसाला पाहणाऱ्याच्या तोंडावर दार लावून घेण्याची सोय नसते, त्यामुळे एरवी ते दार जे काम करते ते कॅमेरा धरणाऱ्याने करायचे असते. खालच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

होर्डिंग आणि माणूस एकाच चौकटीत

पहिली सूचना अशी की वर सांगितलेला फोटो शक्यतो काढूच नये. त्यात खोटे काही नसते, पण पाहणाऱ्याला त्यातून कळतही काही नाही. झोपलेला माणूस कोण, तो इथेच का झोपला, दिवसा काय करतो, यातले काहीच त्या चौकटीत येत नाही. तो होर्डिंगचा प्रतिपक्ष म्हणून तिथे पडून असतो. प्रत्यक्षात होर्डिंगखाली झोपण्यामागे साधा हिशेब असतो. तिथे रात्रभर उजेड असतो, त्यामुळे सामानावर नजर राहते आणि बायकांना अंधाऱ्या गल्लीपेक्षा जरा बरे वाटते. त्याच उजेडामुळे झोप मोडते, म्हणून माणसे पायापासून डोक्यापर्यंत चादर ओढून घेतात. ती चादर डासांसाठीही असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसाठीही. तोंड झाकून झोपलेल्या माणसाने आपल्याला उत्तर दिलेलेच आहे, असे समजावे.

तरीही होर्डिंग आणि माणूस एकत्र दाखवायचेच असतील, तर फोटो होर्डिंगचा काढावा. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर कोसळलेल्या होर्डिंगने १७ जणांचा जीव घेतला. ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचे होते, आणि महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. तेव्हापासून मला होर्डिंगखाली झोपलेले कुटुंब दिसले की आधी खांबाचा पाया पाहावासा वाटतो. पायाचे काँक्रीट फुटले आहे का, बोल्ट गंजले आहेत का, फलकावर परवानगीचा तपशील दिसतो का, हे टिपणारा फोटो उपयोगाचा असतो. त्याची जागा इन्स्टाग्रामवर नसून विभाग कार्यालयाकडे जाणाऱ्या तक्रारीत आहे, आणि त्यात झोपलेल्यांचे चेहरे असण्याची काहीच गरज नसते.

जाहिरात आणि फुटपाथ यांचे खरे नाते पाहायचे असेल तर मान वर करण्याऐवजी जरा वाकून पाहावे. होर्डिंगवरून उतरवलेला फ्लेक्स फुटपाथवर छप्पर होऊन पुन्हा वापरात येतो. ते कापड जाड असते, पाणी झिरपू देत नाही, आणि ओळखीच्या माणसाकडून फुकट किंवा चार पैशांत मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर अशा झोपड्यांचे बांधकाम नीट पाहण्यासारखे असते. वरच्या फ्लेक्सची कड खालच्या फ्लेक्सवर वीतभर चढवलेली असते, म्हणजे ओघळ आत न शिरता पुढे सरकतो. कडेच्या रिंगांतून नायलॉनची दोरी ओवून ती मागच्या कंपाउंडच्या जाळीला ताणलेली असते. पाणी साचू नये म्हणून मधोमध बांबूचा टेकू देऊन उतार काढलेला असतो, आणि खालची कड विटांनी दाबलेली असते. काही ठिकाणी छापील बाजू आत येते. मग झोपणाऱ्याच्या डोक्यावर वर्षभर एखाद्या नेत्याचा अर्धा चेहरा असतो, नाहीतर ‘बुकिंग सुरू’ ही अक्षरे उलटी टांगलेली असतात. असा फोटो कुणालाही न दुखावता काढता येतो, फक्त छपराच्या मालकिणीला विचारून काढावा.

कॅमेरा काढण्याआधी

फुटपाथवर दिसणारा प्रत्येक माणूस ‘बेघर’ या एकाच खणात बसत नाही. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास पथारी टाकून बसलेल्यांत मोठा भाग कर्करोगाच्या रुग्णांचा आणि त्यांच्या नातलगांचा असतो. त्यांची गावी घरे असतात, कधी शेतीही असते. उपचार महिनोन् महिने चालतात आणि मुंबईत खोली परवडत नाही, म्हणून ती माणसे तिथे असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी अशा रुग्णांची सोय होते, पण येणारे कायम जागेपेक्षा जास्त असतात. तोंडाला मास्क लावलेल्या, केस गेलेल्या माणसाचा फोटो ‘बेघर’ म्हणून टाकणे म्हणजे त्याच्या आजाराची बातमी त्याच्या परवानगीशिवाय गावभर करणे होय.

भायखळ्याच्या आसपास याच्या उलट चित्र आहे. तिथल्या काही कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या त्याच फुटपाथवर वाढल्या आहेत. स्पार्क या संस्थेने १९८५ साली या भागातल्या फुटपाथवासीयांची पाहणी केली, त्यातून पुढे महिला मिलनसारखे बायकांचे संघटन उभे राहिले, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांना हटवण्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. हा निकाल फुटपाथवासीयांना तिथे राहू द्या असे सांगत नाही, हेही लक्षात ठेवावे. योग्य प्रक्रिया पाळून त्यांना हटवता येते, असेच त्यात म्हटले आहे. पण माणूस फुटपाथवर राहतो तो कामाच्या जवळ राहण्यासाठी, हे त्या निकालातून सरकारी कागदावर आले. दादरच्या फुलबाजारात पहाटे माल उतरवणारा, लग्नाच्या मांडवात भांडी घासणारी, कचऱ्यातून प्लास्टिक वेचणारा, असे बहुतेक सगळे कमावते असतात. म्हणून फोटोआधी निदान तासभर तिथे कॅमेऱ्याशिवाय बसावे, चहा घ्यावा, आणि काय चालले आहे ते पाहावे. ज्याला एवढा वेळ नाही त्याने होर्डिंगचेच फोटो काढावेत. ती भरपूर आहेत.

विचारावे कसे

परवानगी मागताना ‘फोटो काढू का?’ एवढेच विचारले तर बहुतेक वेळा ‘काढा की’ असे उत्तर येते, आणि ते पुरेसे नसते. समोरच्याला फोटो काढण्याबद्दल हरकत नसते, तो कुठे जाणार याची त्याला कल्पना नसते. फुटपाथवर राहणाऱ्या पुष्कळांनी गावाकडे ‘मुंबईत खोली आहे’ असे सांगितलेले असते. गावातल्या पोरांच्या हातातही आता फोन आहेत. मुलीचे लग्न ठरत असताना बापाचा फुटपाथवरचा फोटो व्याह्याच्या हाती पडला तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

म्हणून प्रश्न दोन भागांत विचारावा. आधी म्हणावे, ‘मावशी, तुमच्या या चुलीचा फोटो काढू का?’ ती हो म्हणाली तर फोटो काढून तिला पडद्यावर दाखवावा, आणि मग विचारावे, ‘हा इंटरनेटवर टाकला तर तुमच्या गावचे लोकसुद्धा बघू शकतील. टाकू का, की माझ्यापाशीच ठेवू?’ या दुसऱ्या प्रश्नाला मिळणारे उत्तर हेच खरे उत्तर. एका मावशींनी मला फार स्पष्ट सांगितले होते, ‘चुलीचा टाका, भांड्यांचा टाका, सुनेचा नको. तिच्या माहेरी ठाऊक नाही.’ ही वाटणी त्यांनी क्षणात केली, आणि कोणत्याही लेखी संमतिपत्रापेक्षा ती नेमकी होती. ज्याला वयाप्रमाणे काका, दादा, ताई, अम्मा अशी हाक मारता येत नाही, आणि ज्याच्याशी चार वाक्ये बोलता येत नाहीत, त्याचा चेहरा आपल्या फोनमध्ये नसावा. भाषेची अडचण आली तर शेजारच्या टपरीवाल्याची मदत घ्यावी, मात्र त्याने त्यांच्या वतीने दिलेली परवानगी मोजू नये. तसेच कुटुंबातला पुरुष ‘घ्या, सगळ्यांचा घ्या’ म्हणाला तरी बाईला वेगळे विचारावे.

नशेत असलेल्या किंवा मानसिक आजाराने स्वतःशीच बोलत फिरणाऱ्या माणसाला संमती देता येत नाही, म्हणून त्याचा फोटो नाही. आजारी मनाने रस्त्यावर भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलीस ठाण्याच्या प्रमुखावर सोपवलेले कर्तव्य आहे. तेव्हा अशा वेळी व्हिडिओ न काढता ११२ वर फोन करावा; माणूस जखमी असेल तर १०८.

पैशांचे काय, हा प्रश्न नेहमी येतो. माझे मत असे की फोटोसाठी दहा-वीस रुपये हातावर ठेवू नयेत, कारण मग ‘नाही’ म्हणणे अवघड होते आणि पुढच्या वेळी मुले कॅमेरा दिसला की हात पसरून उभी राहतात. चहा, बिस्किटे, गप्पांच्या ओघात झालेले चार पैशांचे काम यांना हरकत नाही. पण तुम्ही त्या माणसाला मुद्दाम उभे करून, कपडे बदलायला लावून, व्यवसायासाठी फोटो काढत असाल तर तो त्याचा मेहनताना आहे, आणि तो इतर कोणत्याही मॉडेलला मिळतो तेवढाच द्यायला हवा. त्याला समजणाऱ्या भाषेतले करारपत्र वाचून दाखवावे आणि त्याची एक प्रत त्याच्याकडे ठेवावी.

मुलांबाबत

इथे माझा नियम कडक आहे: ओळखता येईल असा मुलाचा फोटो आंतरजालावर टाकायचा नाही, आई-बाप हो म्हणाले तरीही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात घरदार आणि निर्वाहाचे साधन नसलेले मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते, आणि अशा बालकाबाबत चौकशी किंवा न्यायालयीन प्रक्रिया चालू असेल तर त्याचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र उघड करणाऱ्याला कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपण ज्या मुलाचा फोटो काढतो त्याची अशी काही प्रक्रिया चालू आहे की नाही, हे आपल्याला रस्त्यावर उभे राहून कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय आज सहा वर्षांचे असलेले मूल उद्या महाविद्यालयात जाईल तेव्हा तो फोटो शोधयंत्रात तसाच असेल. मूल एकटे किंवा अडचणीत दिसले तर १०९८ हा क्रमांक आहे.

चौकटीत काय घ्यावे

उभ्याने खाली रोखून काढलेल्या फोटोत बसलेला माणूस नेहमी केविलवाणा दिसतो. ही चूक सगळ्यांत सामान्य आणि सुधारायला सगळ्यांत सोपी आहे: उकिडवे बसावे, फोन त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणावा, आणि फोनची रुंद भिंग वापरू नये, कारण जवळून काढताना ती नाक-हात विचित्र मोठे करते. फ्लॅश कधीच नको. दुरून झूम करून चोरून काढलेला फोटो तर नकोच. माणसाला न कळता त्याच्या घरात डोकावण्याचाच तो प्रकार आहे. रस्ता सार्वजनिक आहे, मग हरकत कशाची, असा युक्तिवाद करणारे भेटतात. रस्ता सार्वजनिक आहे हे खरे, पण तिथली अंघोळ, बाळाला पाजणे, भांडण आणि जेवण सार्वजनिक नसते.

काळ्या-पांढऱ्या छायाचित्राचा मोह टाळावा. रंग काढून टाकले की कोणताही फुटपाथ आपोआप करुण दिसतो, आणि खरा फुटपाथ तसा नसतो. गॅलरीसारखी टांगलेली कपड्यांची दोरी, तिच्यावर धुऊन वाळत घातलेला शाळेचा निळा गणवेश, घासून लख्ख केलेली स्टीलची भांडी उतरत्या क्रमाने लावलेली, जाळीला तारेने बांधलेली बाबासाहेबांची किंवा देवीची तसबीर, आणि हंड्यावर उलटे ठेवलेले फुलपात्र, हे सगळे रंगीत असते आणि त्यातून नीटनेटके घर दिसते. माझ्या मते माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याने लावलेली मांडणी त्याच्याविषयी जास्त सांगते. हात, काम, भांडी, छप्पर, कुलूप लावलेली पत्र्याची पेटी. या पेटीत शिधापत्रिका, आधार आणि मुलांचे दाखले असतात, आणि काहींच्या शिधापत्रिकेवर पत्ताही फुटपाथचाच असतो. त्या कागदांचा फोटो मात्र काढू नये, मालकाने कौतुकाने दाखवले तरी.

दृश्य रचू नये, हेही सांगायला हवे. २०१८ साली वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या संस्थेच्या इन्स्टाग्राम खात्यावर एका इटालियन छायाचित्रकाराची उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात काढलेली मालिका प्रसिद्ध झाली. त्यात गरीब माणसे हातांनी डोळे झाकून उभी होती, आणि त्यांच्यापुढे टेबलावर खोटे अन्न मांडले होते. त्यावर जी टीका झाली ती रास्त होती. आपण एवढे टोक गाठत नाही, पण ‘जरा तिकडे बघा’, ‘हसू नका’ असे सांगतो तेव्हा त्याच वाटेवर असतो. फुटपाथवरचा माणूस कॅमेऱ्याकडे पाहून हसला तर हसरा फोटोच ठेवावा.

फोनमधली तयारी

आजचे फोन फोटोच्या फाइलमध्येच जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ही स्थाननोंद बंद करता येते, आणि फुटपाथवर उतरण्याआधी ती बंदच असावी. बहुतेक मोठी समाजमाध्यमे फोटो चढवताना ही माहिती काढून टाकतात, तसेच व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ती निघून जाते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. संस्थांना दर्जा चांगला राहावा म्हणून आपण नेमके असेच पाठवतो.

चेहरा झाकायचा असेल तर तो चौकटीबाहेरच ठेवणे सर्वांत बरे. नंतर झाकायचा झाला तर अपारदर्शक चौकोन वापरावा. मार्करच्या अर्धपारदर्शक रेघोट्यांखालचा चेहरा उजेड वाढवला की पुन्हा दिसू लागतो, आणि हलकी धूसरता ओळखीच्या माणसाला फसवत नाही. पार्श्वभूमीही तपासावी: दुकानाची पाटी, बसथांब्याचे नाव, देवळाचा कळस यांवरून मुंबईकर जागा चुटकीसरशी सांगतो.

जागा लपवण्याचा एवढा आग्रह का, ते सांगतो. महापालिकेच्या विभागांची समाजमाध्यमांवर खाती आहेत. करुणेने काढलेल्या फोटोखाली कुणीतरी विभागाच्या खात्याला जोडून ‘इथे लक्ष द्या’ लिहितो, आणि विभागाच्या लेखी ती अतिक्रमणाची तक्रार होते. दुसऱ्या दिवशी अतिक्रमण निर्मूलनाची गाडी येते आणि फ्लेक्स, चूल, भांडी, कधी ती पेटीही उचलून नेते. शिवाय महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातल्या बऱ्याच तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, इथे तसे झालेले नाही. तेव्हा पसरलेला हात आणि ओळखू येणारा सिग्नल एका फोटोत टाकताना दोनदा विचार करावा.

फोटोखालची ओळ

जे पाहिले आणि जे त्या माणसाने स्वतः सांगितले तेवढेच लिहावे. ‘उपाशीपोटी’, ‘आशाळभूत डोळे’, ‘नियतीचा खेळ’ हे शब्द आपल्याला सुचतात ते लेखनाच्या सवयीने, त्या माणसाकडे पाहून नव्हे. ‘पावसाळ्याआधी छप्पर बांधताना’ एवढी ओळ पुरते.

आकडे द्यायचे असतील तर वर्षासकट द्यावेत. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे नोंदली गेली. एका रात्रीत, तेही आडबाजूला झोपणाऱ्यांना शोधत केलेली ही गणना असल्याने तिला किमान आकडा समजावे. दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, हा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तो स्वीकारला. २०११ च्या लोकसंख्येवर मुंबईत असे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. करुण विशेषणांऐवजी ही दोन वाक्ये फोटोखाली टाकली तर वाचणाऱ्याला विचारण्यासारखा एक प्रश्न तरी मिळतो.

फोटो जाहिरातीत जातो तेव्हा

ऑगस्ट २००८ च्या अंकात ‘व्होग इंडिया’ या फॅशन मासिकाने गरीब माणसांना महागड्या वस्तू देऊन काढलेली छायाचित्रे छापली होती. बाळाच्या गळ्यात फेंडीचे लाळेरे होते, एका माणसाच्या हातात बर्बेरीची छत्री होती. वस्तूंच्या कंपन्यांची नावे मजकुरात होती, आणि ती वापरणाऱ्या माणसांची नव्हती. फोटोखालच्या ओळीची सगळी चूक या एका उदाहरणात सापडते.

हौशी माणूस म्हणेल, मी कुठे जाहिरात करतो? त्याने आपल्या फोटोचा परवाना पाहावा. २००७ साली ऑस्ट्रेलियातील व्हर्जिन मोबाइल या कंपनीने फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरून एका अमेरिकन शाळकरी मुलीचे छायाचित्र उचलून बसथांब्यावरच्या जाहिरातीत वापरले. फोटो काढणाऱ्याने तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली ठेवला होता की श्रेय दिले तर व्यावसायिक वापरही चालत होता. मुलीला कुणीच विचारले नव्हते. तिच्या घरच्यांनी टेक्सासमध्ये दावा लावला, पण परदेशी कंपनीवर तिथल्या न्यायालयाचा अधिकार पोहोचत नाही म्हणून तो टिकला नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना हा छायाचित्रकाराच्या हक्कापुरता असतो. छायाचित्रातल्या माणसाची संमती त्यात येत नाही. तेव्हा माणसे असलेले फोटो मुक्त परवान्याखाली किंवा फुकट फोटो देणाऱ्या संकेतस्थळांवर ठेवू नयेत. ठेवायचेच तर छपरांचे, भांड्यांचे आणि रिकाम्या रस्त्याचे ठेवावेत.

आणि परवाना कडक ठेवला तरी शेजार आपल्या हातात नसतोच. समाजमाध्यमावर आपल्या फोटोच्या खाली-वर जाहिराती येतात आणि त्यांतून पैसे कमावले जातात. फुटपाथवरच्या कुटुंबानंतर लगेच गृहकर्जाची जाहिरात आलेली मी पाहिली आहे, आणि त्यावर हसावे की चिडावे ते मला ठरवता आले नाही.

मदतीच्या आवाहनासाठी

संस्था जेव्हा देणगीसाठी फोटो मागते तेव्हा तीन प्रश्न विचारावेत: फोटोतल्या माणसाला आवाहनाचा मजकूर वाचून दाखवणार का, फोटो किती काळ वापरणार, आणि पैसे त्याच माणसाला मिळणार की सर्वसाधारण निधीत जाणार. शेवटचा प्रश्न संस्थेला अवघडवतो, म्हणून तो आधी विचारावा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने सेवाभावी आवाहनांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत आणि पीडितांची प्रतिष्ठा राखणे, पाहणाऱ्याला अपराधी वाटायला लावून पैसे न काढणे असा त्यांचा रोख आहे. उत्तरे टोलवली गेली तर फोटो देऊ नये. संस्थेचे काम चांगले असले तरीही, कारण चांगले काम करणाऱ्यांनाच रडका फोटो जास्त पैसे आणतो याचा अनुभव असतो. पर्याय म्हणून निवाऱ्याच्या इमारतीचा, स्वयंपाकघराचा, गाद्यांच्या रांगेचा फोटो सुचवावा.

प्रत देणे आणि फोटो काढून टाकणे

ज्याचा फोटो काढला त्याला छापील प्रत द्यावी. व्हॉट्सअॅपवर पाठवणे सोपे असले तरी फुटपाथवर फोन हरवतात, विकले जातात, पावसात भिजतात. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत चार बाय सहाची प्रत करून घ्यावी आणि ती लॅमिनेट करावी. एकाऐवजी दोन प्रती कराव्यात, कारण एक गावी पाठवली जाते. ती गावी पाठवायची असते म्हणूनच बहुतेकांना त्यासाठी वेगळा फोटो हवा असतो: केस विंचरून, बरी साडी नेसून, मागे फुटपाथ न दिसणारा. तो आनंदाने काढून द्यावा, आणि तो आपल्या खात्यावर टाकू नये.

कुणी ‘तो फोटो काढून टाका’ म्हणाले तर कारण विचारत बसू नये. आधी समाजमाध्यमावरून काढावा, मग ज्या गटांत आणि संस्थांना पाठवला त्यांना स्वतः फोन करून काढायला सांगावे, आणि दोन-चार दिवसांनी गूगलच्या चित्रशोधात तोच फोटो टाकून तो आणखी कुठे पोहोचला आहे का ते पाहावे. त्यानंतर मूळ फाइलकडे वळावे. आयफोनमध्ये खोडलेला फोटो ‘अलीकडे हटवलेले’ या कप्प्यात ३० दिवसांपर्यंत राहतो, आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, म्हणून दोन्ही ठिकाणी जाऊन तो तिथूनही खोडावा.